आधी झाड की आधी लॉन? नवीन अंगणासाठी हरळी आणि कडुनिंब यांची सरळ तुलना

नवीन घर बांधून झालं, कंपाउंड झालं, गेट लागलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, आता समोर छान हिरवंगार लॉन करून टाकू. आणि लगेच दुसरं कोणीतरी म्हणतं, अगं पण उन्हाचं काय, एखादं झाड पण लाव की सावलीला. मग दोन्ही एकाच महिन्यात, एकाच माळ्याकडून, एकमेकांच्या शेजारी लावून मोकळं होतात. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्या दोघांचं भांडण सुरू होतं, आणि झाड जिंकतं. आमच्याकडे अगदी हेच झालं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. पुण्याच्या बाहेर काळ्या जमिनीचा प्लॉट, समोर साधारण हजार स्क्वेअर फूट मोकळी जागा, एवढ्यावरून सांगतेय. कोकणात किंवा विदर्भात पाऊस-माती वेगळी, तिथे थोडं कमी-जास्त करावं लागेल.

तुलनेला मी दोनच घेतलीत, हरळी आणि कडुनिंब. हरळी का, तर लॉन म्हणून आपल्याकडे सगळ्यात जास्त तीच लावली जाते, नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून जे बारीक पानाचं गवत मिळतं ते हरळीचंच. गणपतीला आपण एकवीस दुर्वांची जुडी वाहतो ती पण हीच. आणि शेतकऱ्याला विचाराल तर तो कपाळाला हात लावेल, कारण शेतात हरळी शिरली की खणून काढायला माणसं लावावी लागतात. जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून पसरते. म्हणूनच लॉनला चांगली. कडुनिंब का, तर पहिली दोन-तीन वर्षं सांभाळला की नंतर तो आपल्याकडे जवळजवळ काही मागत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये बाकीची कितीतरी झाडं बोडकी असतात तेव्हा हा कोवळ्या तांबूस पालवीने भरलेला असतो.

सगळ्यात आधी: एक दिवस ऊन बघा

काहीही विकत आणायच्या आधी हे करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता अंगणात जा, आणि घराची, कंपाउंडची, शेजारच्या बिल्डिंगची सावली जिथे पडते तिथे रांगोळीने रेघ ओढा, तिन्ही वेळेला वेगळ्या रंगाने. संध्याकाळी वरून गच्चीतून फोटो काढून ठेवा. जो भाग दिवसातून सहा तासांपेक्षा कमी उन्हात असेल तिथे हरळी लावायचीच नाही. हरळी ही कडक उन्हाची पोर आहे, सावलीत ती लांबट, फिकट, विरळ होत जाते आणि मग मधे मधे माती दिसायला लागते. मला एका नर्सरीत सांगितलं होतं की सावलीत पण येतं हो, काही काळजी करू नका. नाही येत. सावलीत लॉनच पाहिजे असेल तर रुंद पानाचं कार्पेट ग्रास किंवा बफेलो ग्रास बघा, ते सावली बऱ्यापैकी सहन करतं, पण हरळीसारखा मऊ गालिचा त्याचा होत नाही हे आधीच सांगते.

आता दुसरी गोष्ट, ही रेघ वर्षभर एका जागी राहत नाही. आपल्या पुण्याच्या भागात मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो, आणि जुलैच्या शेवटी परत एकदा. पण डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारी सुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. म्हणजे २० फूट उंच झाडाची सावली डिसेंबरात भर दुपारी १८ फूट उत्तरेकडे पडते. याचा अर्थ काय, तर लॉनच्या दक्षिण बाजूला झाड लावलं तर ते मोठं झाल्यावर अख्खा हिवाळा लॉनवर सावली धरून बसणार. आणि हिवाळ्यात हरळी आधीच थंडीने मलूल असते, वाढ जवळजवळ थांबलेली असते, त्यात ऊन पण गेलं की संपलं. आमचं पहिलं लॉन असंच गेलं. दोन वर्षं मी खत घालत होते, पाणी वाढवत होते, आणि कमी पडत होतं ते फक्त ऊन.

मग आमच्याकडे येणाऱ्या माळीकाकांनी एक वाक्य सांगितलं ते कायमचं लक्षात राहिलंय. "ताई, गवत सकाळी बघून लावायचं आणि झाड दुपारी बघून." म्हणजे गवताला सकाळचं ऊन कुठे मिळतं ते बघायचं, आणि झाडासाठी दुपारी तीन-चारला घराची कुठली भिंत तापते ते बघायचं.

मग पाण्याचा हिशोब, आणि हा खरंच कागदावर लिहा

एका स्क्वेअर मीटरवर १ लिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस, एवढं सोपं गणित आहे. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. हजार स्क्वेअर फूट म्हणजे ९३ स्क्वेअर मीटर, म्हणजे रोजचं जवळजवळ ४६५ लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर तेवढ्या लॉनला एकवीस-बावीस दिवस पुरतो, बस. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत असे किती टँकर होतात ते तुम्हीच बघा.

कडुनिंबाच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा एक मोठी बादली, म्हणजे दोन्ही मिळून ४० लिटर. लॉनचे त्याच आठवड्यातले सव्वातीन हजार. दुसऱ्या वर्षी आठवड्याला एकदा, आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जमीन अगदीच मुरमाड नसेल तर, मुद्दाम पाणी द्यायची गरजच राहत नाही.

हे वाचून लॉन लावूच नका असं मी म्हणत नाहीये. पोरांना पळायला, संध्याकाळी अनवाणी चालायला, आईला सकाळी बसायला गवतासारखं दुसरं काही नाही, हे सुख मी रोज घेते. माझं म्हणणं एवढंच आहे की लॉन किती मोठं हे पाण्याने ठरवा, जागा किती मोकळी आहे त्याने नाही. बोअरला मार्चनंतर पाणी कमी होत असेल तर ३०० स्क्वेअर फूट लॉन करा, मनापासून सांभाळा, बाकीच्या जागेत झाड आणि झुडपं. आणि पैसे किंवा पाणी एकाचपुरतं असेल तर डोळे झाकून झाड आधी. गवत कधीही लावता येतं, तीन महिन्यांत पसरतं. झाडाची गेलेली पाच वर्षं कुठल्याच नर्सरीत मिळत नाहीत.

झाडाची जागा

पश्चिम किंवा वायव्य कोपरा. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास २० फूट झाडाची सावली २५ फुटांपर्यंत पूर्वेला जाते, म्हणजे झाड भिंतीपासून १५-२० फूट लांब असलं तरी तापणारी पश्चिमेची भिंत सावलीत येते. लॉन त्या झाडाच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवा, पूर्वेला ठेवलंत तरी सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन त्याला मिळतं, तेवढ्यावर हरळीचं भागतं.

घरापासून १५ फुटांच्या आत कडुनिंब नको. सेप्टिक टँक, जमिनीखालची पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन यांच्यापासून पण लांब. आणि वर बघा, वर. विजेची तार जात असेल तर दरवर्षी लाइनमन येऊन अर्धं झाड तोडून जाणार आणि झाड एका बाजूला झुकत जाणार. नंतर जागा चुकली म्हणून झाड काढून टाकू असं पण होत नाही, शहरी हद्दीत स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायला सुद्धा परवानगी लागते, महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे. म्हणून जागेचा विचार आज दहा मिनिटं जास्त करा.

जागा लहान असेल, म्हणजे समोर जेमतेम १५ बाय २० असेल, तर कडुनिंबाचा हट्ट नको. बकुळ लावा, हळू वाढते पण सावली गच्च आणि बारा महिने हिरवी, वर फुलांचा वास. ताम्हण पण चांगलं, आपलं राज्यफूल आहे, एप्रिल-मेमध्ये जांभळं होऊन जातं, फक्त थंडीत पानं गाळतं. गुलमोहर दिसायला सुंदर पण घराजवळ मी नाही लावणार, मुळं वरवर पसरतात आणि वादळात फांद्या मोडतात. वड, पिंपळ, उंबर यांना तर मोठं मैदानच हवं.

खड्डा मे महिन्यात, झाड पावसाला लागून

खड्डा तीन बाय तीन, खोली पण तीन फूट. मे महिन्यात खणून तसाच उघडा तापू द्या, दोन-तीन आठवडे. खणताना वरची एक फूट माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला काढा, हे मजुरांना आधीच सांगावं लागतं नाहीतर सगळा एकच ढीग होतो. भरताना वरची चांगली माती, दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड असं एकत्र करून भरा. शेणखत हातात घेऊन बघा, वास येत असेल, गोळे असतील तर ते कच्चं आहे, त्यातून वाळवी आणि अळ्या येतात. काळ्या जमिनीत पावसाळ्यात खड्ड्याची विहीर होते, म्हणून भरल्यावर मध्ये थोडा उंचवटा ठेवा, पाणी खोडाशी साचायला नको.

रोप चार-पाच फुटांचं घ्या, फार मोठं नको. मोठं रोप बघायला बरं वाटतं पण पिशवीत मुळं गोल गोल फिरून गुंडाळी झालेली असते, आणि ती गुंडाळी जमिनीत गेल्यावर सुद्धा सुटत नाही. पिशवी फाडल्यावर तळाशी वळलेली मुळं दिसली तर ती धारदार कात्रीने सरळ कापून टाका, घाबरू नका. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की लावा. पिशवीत जेवढं खोड मातीत होतं तेवढंच मातीत जाऊ दे, जास्त खोल गाडू नका. बांबूला आठच्या आकड्यासारखी सुतळी बांधा, खोड आवळलं जायला नको. आणि पहिल्या उन्हाळ्यासाठी माझा आवडता उपाय म्हणजे मडकं. खोडापासून दीड फुटावर एक मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घालायची, पाणी भरून वर झाकणी ठेवायची. पाणी हळूहळू खाली झिरपतं, मुळं खोल जातात, आणि चार दिवस गावाला गेलात तरी रोप जगतं.

लॉन: अर्धं काम लावायच्या आधीच

इथे सगळे घाई करतात. काळ्या मातीत लव्हाळा असतोच, जमिनीखाली त्याच्या काळ्या गाठी असतात, त्या राहिल्या तर लॉन लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात हरळीच्या वर लव्हाळ्याची टोकं दिसायला लागतात आणि मग आयुष्यभर उपटत बसा. म्हणून एप्रिलमध्ये एक फूट खोल खणा, गाठी वेचा, जमीन पाणी मारून भिजवा, दहा-पंधरा दिवसांत जे उगवेल ते गाठीसकट काढा. परत पाणी, परत उगवू द्या, परत काढा. दोनदा तरी. कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय चांगलं लॉन मी कुठेच पाहिलेलं नाही.

मग लेव्हल. घराकडून बाहेर उतार द्यायचा, दहा फुटाला साधारण सव्वा इंच. दोरी बांधून बघा, नजरेने बघू नका. कुजलेलं शेणखत चाळून मातीत मिसळा, पाणी मारून रोलर फिरवा, जिथे खळगे पडतील तिथे माती भरून परत फिरवा.

लावायच्या दोन पद्धती. एक म्हणजे तयार लाद्या किंवा गुंडाळ्या आणून अंथरणं, दिसायला एका दिवसात हिरवं होतं, महाग पडतं, आणि सोबत नर्सरीची माती आणि तिच्यातलं तण फुकट येतं. दुसरी म्हणजे हरळीच्या मुळासकटच्या काड्या तीन-चार इंचांवर टोचत जाणं. बायका बसून टोचतात, दोन-तीन दिवस जातात, पण जूनच्या शेवटी लावली तर पावसाच्या पाण्यावर गणपतीपर्यंत सगळं भरून येतं. मला दुसरीच बरी वाटते. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने मिळणारं गवत जास्त दाट आणि वाढायला हळू असतं, कापणी कमी लागते, पण पसरायला पण तेवढाच वेळ घेतं.

कापणीचा नियम एकच, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला, थंडीत महिन्यातून एकदा. उन्हाळ्यात जरा उंच ठेवा, दीड-दोन इंच, म्हणजे जमीन झाकलेली राहते. पाणी सकाळी लवकर. युरिया द्यायचाच तर हजार स्क्वेअर फुटाला एक किलो, विस्कटून, आणि लगेच भरपूर पाणी, नाहीतर पिवळे डाग पडतात. आणि गणपतीच्या आधी एक कोपरा न कापता, न फवारता सोडा, घरच्या दुर्वा होतात.

दोघांना शेजारी ठेवताना

झाडाच्या बुंध्याभोवती तीन फुटांचं आळं मोकळं ठेवा, गवत तिथपर्यंत येऊ देऊ नका. लहान झाडाचं पाणी आणि खत गवत वरच्या वरच खाऊन टाकतं, आणि बुंध्यापर्यंत गवत असलं की ते कापताना मशीनची दोरी खोडाच्या सालीला लागते. साल सगळ्या बाजूंनी सोलली गेली तर झाड मरतं, एवढं साधं आहे. त्या आळ्यात वाळलेली पानं घाला, पण खोडाला चिकटून नको.

लॉनला रोज थोडं थोडं पाणी देतो तेव्हा झाडाची मुळं पण त्या ओलाव्यासाठी वर वर यायला लागतात, आणि मुळं फांद्यांच्या घेराच्या बाहेर सुद्धा लांब जातात. म्हणून लॉनला एक दिवसाआड पण भरपूर पाणी द्या, म्हणजे दोन दिवसांचं एकदम, गवताची मुळं पण खोल जातील.

आता एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. हुमणी. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की त्या दिवसांत संध्याकाळी साडेसात-आठला जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर निघतात, आणि थेट कडुनिंबावर आणि बाभळीवर जाऊन पानं खातात. झाडाखाली उभं राहिलं तर कुरकुर आवाज येतो आणि खाली पानांचे तुकडे पडत असतात. ऊसवाल्या शेतकऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. रात्रभर खाऊन ते भुंगेरे जवळच्या मातीत अंडी घालतात, आणि तुमच्याकडे जवळची मऊ, ओली, खत घातलेली माती कुठली, तर लॉनची. जुलैपासून पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या गवताची मुळं खातात. ऑगस्टमध्ये आमच्या लॉनवर पिवळे चट्टे पडले, मला वाटलं पाणी साचलंय. एक चट्टा ओढला तर सतरंजीसारखा हातात उचलून आला, खाली एक मूळ शिल्लक नाही, आणि एका वीतभर जागेत सात अळ्या.

उपाय शेतकऱ्यांचाच आहे. पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी झाडाखाली जुनी चादर अंथरा, फांद्या काठीने हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. रॉकेल नसेल तर साबणाचं दाट पाणी. बादलीवर एक बल्ब टांगला तर बरेच आपोआप येऊन पडतात. शेजारच्यांनी पण केलं तर जास्त फायदा. लॉनमध्ये पावसाच्या आधी निंबोळी पेंड मिसळा, आणि दरवर्षी त्रास होत असेल तर कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम नावाची बुरशी मिळते ती शेणखतात मिसळून जूनमध्ये टाका.

पाच-सात वर्षांनी

झाड मोठं झालं की त्याच्या खालची हरळी विरळ होणारच, तेव्हा परत परत गवत आणून लावू नका. लॉनची कड मागे घ्या. दर दोन वर्षांनी रांगोळीची रेघ परत ओढा आणि सावलीत गेलेला भाग झाडाला देऊन टाका. तिथे आंबेहळद लावा, नेचे लावा, सिंगोनियम सोडा, किंवा काहीच न लावता कडुनिंबाचा पाला तसाच पडू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो भरपूर गळतो, जाळू नका, तोच आळ्यात घाला. लॉनवर पडलेला मात्र रोज झाडून घ्या, पानाखाली गवत पिवळं पडतं. बसायला पार बांधायचा असेल तर बुंध्यापासून चारी बाजूंनी निदान तीन फूट माती मोकळी सोडून बांधा आणि खोडाभोवती भर टाकून जमीन उंच करू नका, मुळं गुदमरतात.

आमचं लॉन आता हजाराचं साडेचारशे स्क्वेअर फूट राहिलंय, दक्षिणेकडच्या उन्हात, आणि पहिल्यापेक्षा दाट आहे. नवीन कडुनिंब वायव्येला, सहावं वर्ष चालू आहे. यंदा गुढीला बांधायचा पाला पहिल्यांदाच बाजारातून आणला नाही.